मालदिनीच्या टॅकलचा कोणी न मोजलेला आकडा

इटलीचा फुटबॉल बचावपटू पाओलो मालदिनी कारकिर्दीत सामन्यामागे सरासरी केवळ ०.५६ टॅकल (प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू हिसकावणे) करत असे, आणि म्हणून टॅकल करावा लागणे हीच मुळात बचावपटूची चूक होय, असा मजकूर गेली काही वर्षे हातोहात फिरतो आहे. तो प्रेमापोटी पुढे पाठवला जातो हे खरे. पण त्यातले एकही विधान तपासणीत धड उभे राहत नाही.

आधी आकडा पाहू. मालदिनी इटलीतल्या मिलान क्लबकडून पहिला सामना खेळला तो २० जानेवारी १९८५ रोजी, उदिनेसेविरुद्ध, सोळा वर्षांचा असताना. निवृत्त झाला २००९ मध्ये, क्लबसाठी ९०२ सामने खेळून. वरची सरासरी मानली तर त्याचे टॅकल साधारण ५०५ भरतात. ते मोजले कोणी? ऐंशीच्या दशकात गोल, कार्डे आणि बदली खेळाडू यांची नोंद होई. प्रत्येक टॅकल टिपून ठेवणारी यंत्रणा पुष्कळ नंतर आली. आकडा खरा असलाच, तर तो फार तर अखेरच्या काही हंगामांचा असेल, आणि तोवर मालदिनी डावी बगल सोडून बव्हंशी मध्य बचावात खेळत होता.

टॅकल कमी लागत असतील, तर त्याचे श्रेय एकट्याला देणेही योग्य नाही. १९८७ मध्ये आलेल्या प्रशिक्षक आरिगो साक्कींनी तासोत्ती, बारेसी, कोस्ताकुर्ता आणि मालदिनी या मिलानच्या बचावपटूंची रांग एका दोरीत बांधल्यासारखी पुढे सरकवली. प्रतिस्पर्धी ऑफसाइडमध्ये (बचावाच्या रांगेमागे राहून पास घेण्यास मनाई करणारा नियम) अडकला की टॅकलचा प्रश्नच उरत नसे. (अर्थात मालदिनी नुसता त्या रांगेचा भाग नव्हता: १९९४ च्या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही निलंबित असताना तो मध्यभागी खेळला आणि मिलानने बार्सिलोनाला ४-० असे हरवले.)

‘टॅकल म्हणजे चूक’ हा निष्कर्ष तर त्याच्याच खेळाशी विसंगत आहे. मूळचा उजव्या पायाचा हा खेळाडू डाव्या बगलेवर खेळे, त्यामुळे आत वळू पाहणाऱ्या विंगरसमोर (बगलेवरून चढाई करणाऱ्या खेळाडूसमोर) त्याचा भक्कम पाय येई. बाहेरून निघालेल्याला तो खांद्याला खांदा लावून रेषेकडे रेटत नेई, चेंडू पायापासून वीतभर सुटण्याची वाट पाही आणि मगच घसरत जाऊन तो काढून घेई. ही नाइलाजाची धडपड नव्हे. जाणूनबुजून निवडलेला क्षण होता.

उलट, त्याची सर्वांत महागडी चूक टॅकलच्या हिशेबात येतच नाही. १८ जून २००२ रोजी देजॉनमध्ये, दक्षिण कोरियाविरुद्धच्या विश्वचषक सामन्यात, ११७ व्या मिनिटाला आन जुंग-ह्वानने त्याच्यापेक्षा उंच उडी घेत हेडरने गोल्डन गोल (जादा वेळेत होताच सामना संपवणारा गोल) केला. मालदिनीचा इटलीसाठीचा तो अखेरचा सामना ठरला.