मासे सोडण्याआधी एक दगड उलटा करून बघा

परवा पुन्हा तसाच एक फोटो फिरत आला. बादलीतून ओढ्यात मासे ओतले जातायत, मागे बॅनर, पुढे हसरे चेहरे, खाली अभिनंदनाचा पाऊस. मी लाइक केलं नाही. एका मित्राने विचारलं, 'स्थानिक मासे परत यावेत म्हणून तूच गळा काढत असतोस ना, मग आता नाक का मुरडतोयस?' कमेंटमध्ये मावेना म्हणून इथे लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

बादलीवर माझा राग नाही. मीही ओतलीय. काही वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी एका ओढ्यात दोनेकशे बोटुकली सोडली. जात तिथलीच, पाणी नितळ, विरघळलेला ऑक्सिजन एकदम झकास. मोजला कधी? भर दुपारी. आज लिहितानाही लाज वाटते. ओढ्यात शेवाळ माजलं होतं, आणि उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, त्यामुळे दुपारचा आकडा गोडच येणार. रात्री तेच शेवाळ इतर जिवांसारखा ऑक्सिजन ओढून घेतं आणि पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी उरतो. मीटर घेऊन पहाटे जायला हवं होतं. आम्ही पहाटे गेलो ते चौथ्या दिवशी, मेलेले मासे वेचायला.

मीटर वाईट नाही, पण तो त्या घटकेपुरतं बोलतो. दगडाखालचे किडे मात्र मागच्या कित्येक महिन्यांचा हिशेब सांगतात. खळाळत्या उथळ पाण्यातला गोटा हळूच उचलून उलटा करा. मे-फ्लायची पिल्लं दिसतील, बहुतेकांना तीन शेपट्या. स्टोनफ्लायला दोन, आणि त्यांच्यातल्या काही जाती पंख फुटण्याआधी पाण्यात दोन-तीन वर्षं काढतात. कॅडिसफ्लायच्या अळ्या वाळूचे कण, काड्या चिकटवून स्वतःभोवती नळी बांधतात (ही कारागिरी बघत मी तासन् तास वाया घालवलेत). या तिन्ही गटांतल्या बहुतेक जातींना स्वच्छ, ऑक्सिजन भरपूर असलेलं पाणी लागतं. मधे कधी रात्री कुणी घाण सोडून गेलं असेल, तर तुमच्या नमुन्याच्या बाटलीत ती सापडणार नाही, पण हे किडे गायब झालेले असतील. उलट दगडाखाली नुसत्या लालभडक अळ्याच वळवळत असतील, तर समजा ओढ्याचा श्वास कोंडलाय. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून जिथे इतरांचा दम तुटतो तिथे त्या तगतात.

तो गोटा उचलताना हाताला काय जाणवतं तेही बघा. सुटा निघाला तर छान. गाळात निम्मा रुतलेला असेल, ओढून काढावा लागत असेल, तर गोट्यांमधल्या फटी बुजल्यात. किडे राहतात त्या फटींत, आणि कितीतरी मासे अंडी घालतात तेही तिथेच. अंड्यांभोवती पाणी खेळलं नाही की ती गुदमरतात. वरून पाणी आरशासारखं दिसत असलं तरी.

माशांवरून ओढ्याची तब्येत जोखायची रीतही आहे. जेम्स कार या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८१ साली ती मांडली. बारा कसोट्या, प्रत्येकीला १, ३ किंवा ५ गुण, म्हणजे एकूण १२ ते ६०. जाती किती, घाण सोसणारे किती, मिळेल ते खाणारे किती आणि किड्यांवरच जगणारे किती, संकर झालेले किती, अंगावर गाठी-जखमा असलेले किती. मला यातली गंमत अशी वाटते की नुसती माशांची संख्या इथे फारशी भाव खात नाही. माशांनी खच्चून भरलेला ओढाही नापास होऊ शकतो. फक्त एक काळजी घ्यावी लागते. गुण द्यायचे ते त्याच भागातल्या, माणसाचा हात कमी लागलेल्या ओढ्याशी ताडून. दुसरीकडचा तक्ता जसाच्या तसा उचलून आणणारे पाहिले की मला कापरं भरतं.

आता 'स्थानिक' या शब्दाकडे येतो, कारण खरा घोळ तिथे आहे. कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला एक प्रचंड महसीर आहे. त्याच नदीत कित्येक वर्षं दुसऱ्या जातीच्या, निळसर परांच्या महसीरची पिल्लं सोडली गेली. ती वाढवली लोणावळ्याच्या बीजकेंद्रात, आणि हेतू संवर्धनाचाच. महसीरच की! पण एक कृष्णेच्या खोऱ्यातला आणि दुसरा कावेरीचा. गळाने मासे धरणाऱ्यांच्या नोंदींत निळ्या परांचा वाढत गेला आणि कावेरीचा मूळ महसीर विरळ होत गेला. त्याच्यामागे इतरही दुखणी होती, पण बाहेरच्या पिल्लांनी त्यात भर घातली असं अभ्यासकांचं म्हणणं. या मूळ महसीरचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी हे ठरेपर्यंत २०१८ साल उजाडलं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. नाव पक्कं होईस्तोवर मासा संपायला आला होता. म्हणून 'आपल्याच देशातला मासा आहे ना' हे वाक्य कुणी टाकलं की मी हटकतो. माशाला देशाची हद्द कळत नाही, खोरं कळतं.

मग हे जमतच नाही का? जमतं. अमेरिकेत टेनेसी राज्यात एब्रम्स क्रीक नावाचा ओढा आहे. १९५७ साली त्याच्या खालच्या भागात मुद्दाम विष घालून मासे मारले. ट्राउटच्या शिकारीला बाकीच्या माशांची अडचण नको म्हणून, आणि हे सगळं राष्ट्रीय उद्यानात! मेलेल्यांत बोटाएवढा एक मांजरमासा होता, स्मोकी मॅडटॉम. शास्त्राला तो माहीतच नव्हता. १९६९ साली त्याला नाव मिळालं तेव्हा तो नामशेष झाला असंच धरलं होतं. १९८० साली तो जवळच्या सिटिको क्रीकमध्ये जिवंत सापडला. तिथली अंडी नेऊन पिल्लं वाढवली आणि १९८६ पासून ती एब्रम्समध्ये सोडायला सुरुवात केली. सोडायची ती दर वर्षी थोडी थोडी. हा मासा दिवसा दगडाखाली दडतो, म्हणून मोजणारे रात्री टॉर्च घेऊन, तोंडात नळी धरून पाण्यात पालथे पडायचे. तो रुजला. त्याच्याबरोबर सोडलेल्यांतल्या आणखी दोन जाती रुजल्या, चौथी नाही. बॅनरवाल्यांनी ती चौथी जात लक्षात ठेवावी. इतकं सगळं नीट करूनही एक हातची गेली.

आणि तिथे निम्मं काम आधीच झालेलं होतं. मासे जाण्याचं कारण, म्हणजे ते विष, एकदाच येऊन गेलं होतं. आपल्या ओढ्यांत कारण बहुधा अजून चालूच असतं. कुठे सांडपाणी. कुठे काठची झाडं तोडल्याने तापलेलं पाणी. कुठे रस्त्याखालची मोरी, जिच्या तोंडातून पाणी हातभर उंचीवरून खाली पडतं आणि छोट्या माशाला ती चढताच येत नाही. असल्या ठिकाणी वरच्या अंगाला मासे सोडण्यापेक्षा मोरी दुरुस्त करा. खालचे मासे आपले आपण वर येतील, त्यांना बादली लागत नाही. पण मोरीचा फोटो चांगला येत नाही.

तर मित्रा, माझा प्रश्न एवढाच असतो: त्या ओढ्यात यंदा तुम्ही न सोडलेली पिल्लं दिसली का? सोडलेले मासे वर्षभर जगले, तरी त्याने ओढा जगवतोय एवढंच कळतं. तिथेच जन्मलेली पिल्लं सापडली तर पुढे बोलता येईल.

आम्ही फसलो त्या ओढ्यात त्यानंतर एकही मासा सोडलेला नाही. अधूनमधून पहाटे मीटर घेऊन जातो, गोटे उलटतो, पुन्हा होते तसे ठेवतो. लाल अळ्या कमी झाल्यात. मागच्या खेपेला मे-फ्लायची अकरा पिल्लं मिळाली. स्टोनफ्लाय अजून नाही. वहीत शेवटचा रकाना 'माशांची पिल्लं' असा आखून ठेवलाय. तो कोराच आहे.