आपल्या विमानांवर घाटग्यांचं नाव कुठे आहे?

वालचंद हिराचंद म्हटलं की आपल्याला वालचंदनगरची साखर नाहीतर सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं. विमानं क्वचितच कुणाला आठवतात. सोलापूरच्या या माणसाला 1939 मध्ये अमेरिकेच्या प्रवासात विल्यम पॉली भेटला. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. तो भारतात का नको, एवढ्यावर वालचंद अडून बसले. म्हैसूर संस्थानचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जमीन आणि 25 लाख दिले आणि 23 डिसेंबर 1940 ला बंगळूरमध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली. आजची एचएएल, म्हणजे विमानं बांधणारी सरकारी कंपनी, ती हीच. पुढच्या ऑगस्टमध्ये पहिलं हार्लो विमान जोडून तयार! पण एप्रिल 1942 मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, सरकारनं वालचंदांचा हिस्सा विकत घेतला.

इथवरचं निदान कुठेतरी लिहिलेलं सापडतं. मला तळमळ आहे ती डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्यासाठी. कोल्हापूरकडचा हा माणूस जर्मनीत गटिंगेनला थेट प्रांटल यांच्या हाताखाली शिकला. आधुनिक वायुगतिकीचा, म्हणजे हवेतून वस्तू कशी जाते या शास्त्राचा, पायाच ज्यांनी घातला, ते प्रांटल. घाटगे परत आले आणि कारखान्यात बाहेरून आलेले सुटे भाग जोडले जात असतानाच त्यांनी सैनिक नेणारं ग्लायडर डिझाइन केलं. मग एचटी-2 हे प्रशिक्षण विमान. ऑगस्ट 1951 मध्ये ते उडालं. इंजिन ब्रिटिश होतं, पण विमान आपल्या ड्रॉइंग बोर्डावर जन्मलेलं होतं. हवाई दलाचे कितीतरी वैमानिक त्यावरच उडायला शिकले.

नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात बांधलेल्या मिगचा, सुखोईचा, या रशियन लढाऊ विमानांचा, अभिमान मलाही आहे. तिथल्या कामगारांचा हात फार बारीक चालतो. तरी परवान्यावर दुसऱ्याचं विमान बांधणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर आपलं विमान रेखाटणं वेगळं. पहिल्यात कारखाना वाढतो. दुसऱ्यात आपल्याला विमान कळतं, आणि म्हणूनच एचएएलच्या वाढीची गोष्ट सांगताना मी मिगच्या आकड्यांआधी एचटी-2 सांगेन. आपण मात्र नेमकं उलट करत आलो.

घाटग्यांच्याच नेतृत्वाखाली पुढे किरण हे जेट प्रशिक्षण विमान घडलं, 1964 मध्ये उडालं. त्याचीच सुधारित आवृत्ती हवाई दलाच्या कसरती करणाऱ्या सूर्यकिरण पथकाकडे 2011 पर्यंत होती. त्याआधी ज्यांनी त्या लाल-पांढऱ्या विमानांच्या कसरती मान वर करून पाहिल्या, त्यांनी घाटग्यांचं काम डोळ्यांनी पाहिलेलं आहे.