63 पॉइंटचं तुणतुणं आता बास

भाचा ऑगस्टमध्ये अमेरिकेत लिंकनला, नेब्रास्का युनिव्हर्सिटीत एमएस करायला आला, आणि महिन्याभरात लाल टीशर्ट, लाल टोपी, घशाला कोरड पडेस्तोवर 'गो बिग रेड', म्हणजे युनिव्हर्सिटीच्या टीमचा नारा. आनंद आहे. पण काल त्याने फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला, जो मी दरवर्षी कुठे ना कुठे बघतो आणि गप्प बसतो. यावेळी नाही बसणार, कारण खाली माझ्या बहिणीने लिहिलं, "अरेरे, बिचारे, साडेसातीच असणार".

फॉरवर्ड थोडक्यात असा. नेब्रास्काची 2021 ची टीम कॉलेज फुटबॉलमधली (अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) सगळ्यात कमनशिबी टीम. 3 जिंकल्या 9 हारल्या, पण नऊच्या नऊ मॅच 9 किंवा कमी पॉइंटने, आणि सीझनभरात समोरच्यांपेक्षा 63 पॉइंट जास्तच केले. म्हणजे टीम भारी, कोच स्कॉट फ्रॉस्ट भारी, फक्त नशीब फुटकं. वर फोडणी: रेफरींनी मारलं, जुना कोच फ्रँक सोलिचला काढल्याचा शाप लागला, आणि क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा, एड्रियन मार्टिनेझ पनवती.

आधी ते 63. आकडा खरा आहे, 335 विरुद्ध 272. पण स्कोअरकार्ड उघडून बेरीज कोणी केली का? नॉर्थवेस्टर्न 56-7, फोर्डहॅम 52-7, बफेलो 28-3. या तीन मॅचमध्येच 119 पॉइंटची आघाडी आहे, आणि त्यातलं फोर्डहॅम तर खालच्या डिव्हिजनचं कॉलेज. उरलेल्या नऊ मॅचची बेरीज उणे 56. 119 वजा 56, झाले 63. तीन मॅचचं तूप नऊ मॅचच्या ताटात वाढून दाखवायचं आणि म्हणायचं बघा केवढं तूप.

आता नशीब. अख्ख्या फॉरवर्डमध्ये स्पेशल टीम्स हा शब्दच नाही, म्हणजे पंट (बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना देणं), फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारून 3 पॉइंट), किकऑफ हे सगळं. इलिनॉयविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये स्वतःच्या गोललाइनजवळ पडणारा पंट पोराने सोडून द्यायचा तर पकडला, मागे एंड झोनमध्ये गेला आणि टॅकल होताना बॉल फेकून दिला, सेफ्टी, समोरच्याला फुकट 2 पॉइंट. त्याच मॅचमध्ये दोन एक्स्ट्रा पॉइंट (बॉल गोललाइनपार नेऊन टचडाउन केला की मिळणाऱ्या किकचा 1 पॉइंट) हुकले. ओक्लाहोमाला 7 ने हारलो तिथे दोन फील्ड गोल हुकले आणि एक एक्स्ट्रा पॉइंट असा ब्लॉक झाला की तो उचलून त्यांनीच पळत जाऊन 2 पॉइंट घेतले. मिशिगन स्टेटचं तर विचारूच नका, दुसऱ्या हाफमध्ये आपल्या डिफेन्सने त्यांना एक फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकणं) दिला नाही, एक नाही, आणि आपण 20-13 पुढे, चार मिनिटंही उरली नव्हती. पंट मारायचा होता एका बाजूला, गेला दुसऱ्या बाजूला, आणि अडवणारी सगळी पोरं आधीच पहिल्या बाजूला पळालेली. त्यांचा जेडन रीड बॉल घेऊन 62 यार्ड आरामात पळाला, टचडाउन, पुढे ओव्हरटाइममध्ये 23-20 हारलो. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच.

आयोवाची मॅच मी स्टेडियममध्ये बघितली, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, हातमोज्यावर हातमोजे घालून. 21-6 पुढे होतो. पंट टीम मैदानात उतरली की माझ्या शेजारचे आजोबा टोपी डोळ्यांवर ओढून घ्यायचे. पहिल्यांदा मला वाटलं झोप आली. मग तो पंट ब्लॉक झाला, आयोवाचा टचडाउन झाला, लोक ओरडले, आणि आजोबांनी टोपी न काढताच विचारलं, "ब्लॉक?" 28-21 हारलो.

बरं, एक मान्य करतो, नाइलाजाने. एखाददुसरी जवळची मॅच हारण्यात नशीब असतंच, आणि त्या वर्षी ओहायो स्टेट, बिग टेन (नेब्रास्का खेळते ती लीग) जिंकून प्लेऑफला गेलेलं मिशिगन, यांना शेवटपर्यंत झुंजवणं 3-9 वाल्या टीमचं काम नव्हे. पण फ्रॉस्टच्या पहिल्या चार सीझनमध्ये 8 किंवा कमी पॉइंटने सुटलेल्या मॅचचा हिशोब 5-20 आहे, म्हणजे 5 जिंकल्या, 20 हारल्या. नाणं पंचवीसदा उडवून पाचदाच छापा येत असेल तर नाणं बघा ना राव.

रेफरी आणि शाप यावर टायपिंग वाया घालवत नाही. सोलिचला 2003 मध्ये काढलं ते चुकलंच, पण त्याने 2021 ला एक्स्ट्रा पॉइंट हुकत नाहीत.

खरा राग मला 'पनवती'चा आला. मार्टिनेझने चुका केल्या, पर्ड्यूविरुद्ध चार इंटरसेप्शन (फेकलेला बॉल समोरच्यांनी पकडणं), मिशिगनविरुद्ध 29-29 असताना शेवटच्या दोन मिनिटांत बॉल सुटला. पण मिशिगन स्टेटच्या मॅचमध्ये जबडा मोडला आणि तसाच खेळत राहिला हा पोरगा, आणि त्याला पनवती? 2022 ला तो कॅन्सस स्टेट या दुसऱ्या कॉलेजच्या टीममध्ये गेला. 17 सप्टेंबरला ओक्लाहोमाने नेब्रास्काला 49-14 धुतलं. बरोबर सात दिवसांनी त्याच ओक्लाहोमाच्या घरात जाऊन मार्टिनेझने 148 यार्ड पळून चार टचडाउन मारले, कॅन्सस स्टेट 41-34.

आणि पनवती गेल्यावर नेब्रास्का? पहिलीच मॅच डब्लिनला, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 पुढे असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किक (बॉल आपल्यालाच परत मिळावा म्हणून मुद्दाम जवळ मारलेली किक) मारायला लावली, बॉल त्यांना, 31-28 हार. तिसऱ्या मॅचनंतर त्याला काढलं. सीझन 4-8.

हे सगळं भाच्याला पाठवलं. निळ्या टिक आल्या. दहा मिनिटांनी उत्तर, "मामा, पंट म्हणजे नक्की काय?"