जर्नल न उघडता तपासण्याची रीत

कोकणातल्या एखाद्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर मुलांच्या जर्नलमधले (म्हणजे प्रात्यक्षिकांच्या वहीतले) प्रोग्रॅम स्वतः वाचण्याची जुनाट सवय आधी सोडून द्यावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हे विचारेल त्याचे उत्तर लिहून देणारे यंत्र सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतरही जो शिक्षक लाल पेन घेऊन बसतो, त्याला दुसरा उद्योग नसावा, असाच लोकांचा समज होतो.

समजा, आंब्याच्या दहा पेट्यांचे दर एकामागून एक विचारून एकूण रक्कम काढणारा प्रोग्रॅम आपण लिहायला सांगितला आणि देवगडकडच्या एका मुलीने लूपमध्ये (म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या ओळींत) रेंज(१, १०) असे लिहिले. पायथन त्यातला शेवटचा आकडा धरत नाही, म्हणून हिशेब नऊच पेट्यांचा झाला. जुन्या वळणाचा शिक्षक ‘दहावी पेटी गेली कुठे?’ एवढेच विचारून पुढच्या संगणकाकडे वळला असता. जिच्या घरी वाशीच्या दलालाकडून आलेली विक्रीच्या हिशेबाची पट्टी डोळ्यांत तेल घालून तपासली जाते, त्या मुलीने ती पेटी स्वतःच शोधली असती आणि रेंज कुठे थांबतो हे जन्मात विसरली नसती. असला वेळखाऊ प्रकार आपल्याला टाळायचा आहे.

त्याऐवजी तिचा प्रोग्रॅम नावगाव आणि हजेरी क्रमांकासकट यंत्राला द्यावा (नाव झाकण्याचा खटाटोप कोण करतो?). यंत्र प्रथम तिच्या प्रयत्नाची तोंडभरून स्तुती करील, मग चूक सांगेल आणि ती समजण्याच्या आतच दुरुस्त केलेला अख्खा प्रोग्रॅम पुढ्यात ठेवील. त्यात वर्गात अद्याप न शिकवलेली फंक्शने आणि चूक झाल्यास सांभाळून घेणारे ट्राय-एक्सेप्ट असतील, त्यामुळे जर्नल भारदस्त दिसेल. ‘उत्तर सांगू नकोस, फक्त एक प्रश्न विचार’ अशी सूचना यंत्राला आधीच देता येते, हे खरे. हार्वर्डच्या सीएस५० या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमाने २०२३ मध्ये आयते उत्तर हाती न देणारे, बदकाचे रूप घेतलेले असे एक यंत्रच मुलांच्या मदतीला बसवले. पण त्यासाठी सूचना विचारपूर्वक लिहावी लागते, यंत्राचा शेरा मुलांपर्यंत पोहोचण्याआधी वाचावा लागतो, आणि वाचायचेच असते तर यंत्र कशाला आणले असते?

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. एकच प्रोग्रॅम यंत्राला दोनदा दाखवू नये. पहिल्या खेपेस निर्दोष ठरलेल्या ओळीत दुसऱ्या खेपेस दोष निघण्याचा संभव असतो, आणि दोन्ही निवाडे सारख्याच ठाम स्वरात दिलेले असतात. उगाच मनात किंतु येतो.

मुलांनी प्रोग्रॅम यंत्राकडूनच लिहून आणले असल्याची शंका आल्यास ती मनातच ठेवावी. त्यांचे यंत्र लिहिते, आपले यंत्र वाखाणते आणि टर्मवर्कचे गुण वेळेत भरले जातात. यात कोणाचे काय बिघडते?

अडचण येते ती फक्त व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी. बाहेरचे परीक्षक रेंजविषयी विचारण्याच्या बेतात दिसले, की त्यांना लगेच जेवायला न्यावे. सुरमई ताजी असेल याची खबरदारी आदल्या दिवशीच घ्यावी आणि सोलकढी दुसऱ्यांदा वाढण्यास विसरू नये.