टी-शर्ट आधी, नदी नंतर

मुंबईला नद्या आहेत हे बऱ्याच जणांना 26 जुलै 2005 ला कळलं. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी स्वतःच घराघरांत येऊन ओळख देऊन गेली. तुम्हाला आता उलट तिच्या दारी जाऊन पाणी तपासायचंय, तेही लोकसहभागातून. छान. मुहूर्त 5 जूनचाच धरा. पर्यावरण दिन असतो, हार घालून घ्यायला पाहुणे तयार असतात, आणि जुलैत धो-धो पावसाने पाणी पातळ होऊन आकडे सुधारले की श्रेय तुमचंच.

पहिली खरेदी टी-शर्टची. उरल्या पैशांत मीटर. हे आकडे नक्की कोण वापरणार, वॉर्ड ऑफिस, प्रदूषण नियंत्रण मंडळ की शाळेतली मुलं, हा प्रश्न बैठकीत कुणी काढलाच तर चहा मागवा. उत्तर मिळालं की किती अचूक मोजायचं ते ठरवावं लागतं, आणि मग टी-शर्टांची संख्या घटते.

जागा निवडताना गाडी कुठवर जाते एवढंच पाहा. वेळ रविवार, सकाळी 8. भरती-ओहोटीचं कोष्टक कोळ्यांसाठी असतं, आपल्याला काय त्याचं! विहार-पवईहून निघालेली मिठी माहीमच्या खाडीला मिळते आणि खालच्या टप्प्यात भरतीचं पाणी आत घुसतं. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्याला जवळजवळ सहा तास. त्यामुळे तुमच्या 8 वाजता एका रविवारी भरती सापडली तर पुढच्या रविवारी ओहोटी. आलेखात नदी दर पंधरवड्याला सुधारते आणि बिघडते. बातमीला मजकूर मिळतो. फक्त विद्युतवाहकता, म्हणजे पाण्याच्या खारटपणाचा माग, मोजू नका. समुद्राच्या पाण्याची ती सेंटिमीटरला 50,000 मायक्रोसीमेन्सच्या आसपास असते, तेव्हा बादलीत नदी आली की अरबी समुद्र, हे तो मीटर दोन मिनिटांत फोडतो.

विरघळलेला प्राणवायू मोजणं हा सगळ्यात रंगतदार भाग. 300 मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली काठोकाठ भरून, आत एकही बुडबुडा न ठेवता बूच लावायचं असतं. तुम्ही पुलावरून बादली सोडा आणि ती उंचावरून बाटलीत ओता. धबधब्याचा प्राणवायू फुकट मिळतो. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. साका, म्हणजे खाली बसणारा गाळ, तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. उन्हाळ्यात मिठीच्या खालच्या टप्प्यात साका पांढरा पडू शकतो आणि ते पाहून स्वयंसेवक हिरमुसतात. अशा वेळी ‘औषध जुनं झालं असेल’ म्हणत बूच काढा, बाटली खळखळून हलवा. हवा आत जाते, साका तपकिरी होतो, सगळ्यांचे चेहरे खुलतात. पुढे सल्फ्युरिक आम्ल टाकायचं. चष्मा आणि हातमोजे फोटोपुरते. शेवटी 200 मिलिलिटर घेऊन थायोसल्फेटने अनुमापन करायचं, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबाथेंबाने टाकून किती लागलं ते मोजायचं. द्रावण 0.025 नॉर्मल असेल तर 1 मिलिलिटर म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम, इतकं सोपं. पण ते द्रावण ठेवून ठेवून कमजोर होतं आणि मग जास्त लागतं, म्हणजेच नदीत प्राणवायू वाढतो! म्हणून ते ताजं आहे का, हे तपासू नका. 28 अंशांच्या पाण्यात हवेतून लिटरला 7.8 मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. भर दुपारी शेवाळाने हिरव्यागार झालेल्या पाण्यात त्याहून जास्त मिळू शकतो, पण काळ्या नाल्यात 11 आला तर शंका न घेता प्रेसनोट काढा.

बीओडी म्हणजे घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचं माप; त्याची बाटली 27 अंशांवर तीन दिवस ठेवायची. रविवारी ठेवलेली बुधवारी वाचायला कोण येणार? शुक्रवारी वाचा, बाटलीला वार कळत नाही. जिवाणूंसाठीची निर्जंतुक बाटली बर्फात ठेवून सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवावी म्हणतात. दहिसरहून निघालेल्या बाटलीला लोकलमध्ये मांडीवर ऊब द्या.

पाण्याची आम्लता मोजणारा पीएच मीटर 4, 7 आणि 9.2 च्या बफरवर, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेल्या द्रावणांवर, जुळवून घेण्याचा चोखंदळपणा नको. मीटरची कांडी कोरडी पडली की सगळीकडे 7 च्या आसपास दाखवते, आणि 7 हा शुभ आकडा.

आता खरं संकट. कुणीतरी हटवादी स्वयंसेविका म्हणेल की दर दहा नमुन्यांमागे एक नमुना त्याच जागी दुहेरी घेऊ, एक बाटली शुद्ध पाण्याची न्यायची, वहीत वेळ, भरती, कालचा पाऊस आणि बाटलीचा नंबर लिहायचा, चुकलेला आकडा खोडून न टाकता एका रेघेने कापून शेजारी सही करायची. एकाच जागच्या दोन जोड-नमुन्यांत प्राणवायू 1.2 आणि 3.9 आला की तुमच्या सहा महिन्यांच्या आलेखाला काय उत्तर देणार? तिला ताबडतोब समाजमाध्यमं सांभाळायला द्या. वही काढलीच असेल तर पहिल्या पावसात भिजू द्या.

घाण पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो म्हणून गमबूट मागणाऱ्यांना पुढच्या टप्प्यात देऊ असं सांगा.

वर्षाअखेरीस एखादा अधिकारी विचारेल की मीटर शेवटचा कधी जुळवला होता. त्याला टी-शर्ट द्या. कच्ची नोंदवही मागितली तर दोन.