मधुबालाला ‘क्लीन’ करू नका हो

आईच्या वाढदिवसाला मधुबालाचा फोटो फ्रेम करून द्यायचा ठरवलं. ‘लाइफ’ मासिकाचा फोटोग्राफर जेम्स बर्क याने १९५१ साली मुंबईत तिचे जे फोटो काढले, त्यातला एक. नौपाड्यातल्या एका दुकानात फाइल दिली, संध्याकाळी आणायला गेले. काउंटरवरचा मुलगा खुशीत होता. "ताई, थोडं क्लीन केलंय. कलरपण टाकलाय. त्याचे पैसे नाही लावले."

साडी मोरपंखी, ओठ गुलाबी, गाल अगदी चिनीमातीच्या बशीसारखे. घाईत होते, तसाच घेऊन आले. आईने चष्मा लावला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, "छान आहे. कोण गं ही?"

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. कृष्णधवल फिल्मवर उजेड-अंधार उमटतो, रंग नाही. त्यामुळे साडी मोरपंखी होती की डाळिंबी, हे त्या सॉफ्टवेअरला कळायला मार्गच नाही. ते ठोकून देतं. आणि आपण व्हॉट्सॲपवर "वा, जिवंत झाली!" म्हणून पुढे ढकलतो.

बर्क फिल्मी फोटोग्राफर नव्हता, बातमीदारीचे फोटो काढणारा माणूस. (१९६४ मध्ये हिमालयात फोटो काढतानाच कड्यावरून पडून गेला.) त्या काळचे स्टुडिओतले फोटो आठवा: चारी बाजूंनी दिवे, हनुवटी जरा वर, नजर कुठेतरी आकाशात. बर्कच्या फोटोत ती नुसती बसलेली असते. केस मोकळे, एक बट कपाळावर, हसू जरासं एका बाजूला गेलेलं. तिचा जन्म १९३३ चा, म्हणजे तेव्हा अठरा वर्षांची. ‘महल’ येऊन दोन वर्षं झालेली, त्याआधीपासून घर तिच्या कमाईवर चाललेलं आणि हृदयाला जन्मापासूनच भोक. छत्तिसाव्या वर्षी गेली. त्या अठरा वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर जे काही आहे, ते त्या बारीकसारीक सावल्यांतच आहे. नेमकं तेच या मुलाने पुसलं!

पूर्वी टचिंग नव्हतं का? होतं की. माझे काका स्टुडिओत तेच करायचे. खालून उजेड येणाऱ्या उतरत्या डेस्कवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल. मुरुमाचा डाग ठिपक्या-ठिपक्यांनी भरायला अर्धा-पाऊण तास. सुरकुत्या मात्र हलक्या करायचे, मिटवायचे नाहीत. नाहीतर गिऱ्हाईक फोटो परत आणायचं, "हा आमचा बाप नाही" म्हणून.

‘मुग़ल-ए-आज़म’ २००४ मध्ये पूर्ण रंगीत होऊन थेटरात आला, तेव्हा मीही आईला घेऊन गेले होते. त्यावर माझी तक्रार नाही. त्यात काही भाग मुळातच रंगीत होता, सेट न् दागिने रंगांसाठीच मांडलेले. पण खिडकीशी काढलेल्या साध्या फोटोला मेकअप कशाला?

परवा दुकानात परत गेले. म्हटलं, काही करू नकोस, आहे तस्सा मॅट पेपरवर छाप. पोरगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.

"नक्की ना ताई? ही कपाळावरची बट तरी काढू?"