नागपूरची राजधानी गेली, ती नागपुरातच ठरलेल्या तत्त्वावर

डिसेंबर आला, मुंबईहून फायलींच्या पेट्या नागपुरात उतरल्या, की 'उपराजधानी' हा शब्द सगळीकडे छापून येतो. मला तो खटकतो. पंधरवड्यापुरतं का होईना, नागपूरला कुणी तरी मोठेपण बहाल केलंय असा त्याचा सूर असतो. हे शहर १८६१ ते १९५६, तब्बल ९५ वर्षं पूर्ण राजधानी होतं. मंत्रालय, विधिमंडळ, १९३६ पासून स्वतःचं हायकोर्ट, सगळं इथेच.

तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. पुढे त्याला सागर-नर्मदेकडचा मुलूख जोडून मध्य प्रांत तयार झाला. निजामाकडचा वऱ्हाड १९०३ मध्ये कारभारापुरता त्याला चिकटवला. एका बाजूला हिंदी, दुसऱ्या बाजूला मराठी, मध्ये सातपुडा. भाषेचा विचार कुणी केलाच नव्हता, साहेबाची सोय पाहिली होती.

आता डिसेंबर १९२०. नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला साडेचौदा हजारांवर प्रतिनिधी आले. शाळेच्या पुस्तकात त्यातलं दोनच गोष्टींपुरतं उरलंय: असहकारावर शिक्कामोर्तब आणि जिनांचा विरोध. पण चौरीचौऱ्यानंतर, फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधींनी असहकार थांबवला. टिकली ती इथे मंजूर झालेली काँग्रेसची नवी घटना. चार आणे वर्गणी भरणारा कुणीही सभासद, रोजचं काम चालवायला १५ जणांची कार्यसमिती आणि प्रांतिक समित्या भाषेनुसार. ब्रिटिशांच्या नकाशात मध्य प्रांत-वऱ्हाड एक होता, काँग्रेसच्या नकाशात त्याचे तीन झाले: मराठी मध्य प्रांत, हिंदुस्तानी मध्य प्रांत आणि वऱ्हाड. यजमान शहराच्याच प्रांताचे तुकडे त्याच्याच मांडवात पडले, आणि तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

राजधानी असण्याचा एक फायदा चळवळीलाही झाला. १९२३ चा झेंडा सत्याग्रह जबलपुरात सुरू झाला, पण पेटला नागपुरात, कारण अधिकाऱ्यांची सिव्हिल लाइन्स इथे होती. पद्धत साधी: १ मेपासून स्वयंसेवकांच्या छोट्या तुकड्या तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे निघायच्या, अटक व्हायची, पुढची तुकडी तयार. एकदाच मोठा मोर्चा काढला असता तर एका दिवसात मोडला असता. रोजच्या तुकड्यांनी तुरुंग भरत गेले. जमनालाल बजाज आत गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं घेतली, आणि ऑगस्टमध्ये झेंडा घेऊन मिरवणूक त्याच भागातून गेली.

पुढे १९५३ मध्ये राज्य पुनर्रचना आयोग बसला. याच फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळा विदर्भ सुचवला होता. दिल्लीने ते मानलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठी आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, हिंदी भाग नव्या मध्य प्रदेशात. राजधानी भोपाळला, हायकोर्ट जबलपूरला, नागपूरला मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ. भाषेनुसार प्रांत हे तत्त्व तेच, ३६ वर्षांपूर्वी इथेच मंजूर झालेलं. (त्याच्या अठराच दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी याच शहरात धम्मदीक्षा घेतली. नागपूरच का, तर बौद्ध धम्म पसरवणाऱ्या नाग लोकांची ही भूमी, असं त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं. या शहराचं देशाच्या इतिहासातलं स्थान सचिवालयावर अवलंबून नव्हतं, याला आणखी पुरावा कशाला?)

राहता राहिला नागपूर करार, मराठी राज्यात विदर्भाने सामील व्हावं म्हणून नेत्यांनी २८ सप्टेंबर १९५३ ला केलेला. लोकांना त्यातलं एकच आठवतं: वर्षातून एक अधिवेशन नागपुरात. कराराचं म्हणणं त्याहून मोठं आहे. सरकारने ठरावीक काळ अधिकृतपणे नागपुरात मुक्काम हलवायचा, आणि शिवाय किमान एक अधिवेशन घ्यायचं. प्रत्यक्षात अर्धं कलम पाळलं जातं, तेही जमेल तसं. कारण सरळ आहे: करार हा नेत्यांमधला समझोता आहे, कायदा नाही. राज्यघटनेच्या ३७१(२) मध्ये विकास मंडळं, निधीचं समन्यायी वाटप, नोकऱ्या आणि शिक्षणाच्या संधी आहेत. अधिवेशनाचा उल्लेखही नाही. विकास मंडळांची मुदतही एप्रिल २०२० मध्ये संपली. कायद्याचं बंधन नाही म्हणूनच २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं कोरोनाचं कारण सांगून मुंबईतच उरकता आली. २०१८ मध्ये तर हिवाळीऐवजी पावसाळी अधिवेशन नागपुरात भरवलं. जुलैच्या पावसाचं पाणी विधानभवनाच्या वीज यंत्रणेत शिरलं आणि दिवसाचं कामकाज बुडालं.

तेव्हा यंदा अधिवेशन किती दिवसांचं, यावर वाद घालण्याआधी एकदा कराराचं मूळ कलम वाचा. त्यात 'अधिवेशन' नंतर येतं, आधी सरकारचा मुक्काम आहे.